कनेक्टिंग रॉडच्या जोड्यांविषयी



पद्मिनी गाडीच्या कनेक्टिंग रॉडचे बोल्ट किती आवळावेत एवढेच चिरंजीवाने पत्रात विचारले असले, तरी चारही रॉडच्या कॅप रॉकेलच्या एकाच डब्यात टाकल्याचे त्याच पत्रात जे सहज लिहून गेले आहे, ते वाचल्यापासून घरातील वडीलधाऱ्यांचा जीव थाऱ्यावर नाही. गणपतीपूर्वी गाडी उभी राहायला हवी हे खरे. परंतु त्यासाठी अशी घाई परवडणारी नाही.

कनेक्टिंग रॉड म्हणजे पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा पोलादी दांडा; क्रँकला धरणाऱ्या त्याच्या टोकाचा अर्धा भाग सुटा असतो, त्यास कॅप म्हणतात. ही कॅप रॉडला आवळून मगच दोहोंतून मिळून एक भोक कातलेले असते, त्यामुळे त्याची गोलाई त्या जोडीपुरतीच खरी. एकाची कॅप दुसऱ्याला लावली तर ती बसते, बोल्टही आवळले जातात. पण भोक गोल राहत नाही, आतल्या बेअरिंगपाशी कोठेतरी तेलाला जागा उरत नाही, आणि हे डोळ्यांना दिसत नाही, हाच खरा धोका. म्हणून रॉड आणि कॅप या दोहोंवर एकाच बाजूस सारखे आकडे ठोकलेले असतात. आजोबा तर कॅप काढली की ती त्याच रॉडला, त्याच बाजूने, हातानेच परत अडकवून ठेवीत. चिरंजीवाने हे लहानपणी शेजारी बसून पाहिले आहे; मग हा डबा आला कोठून?

विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात असे, की आकडा त्याच इंजिनाच्या पुस्तकातून घ्यावा आणि बोल्ट दोन-तीन टप्प्यांत, आलटून पालटून, टॉर्क रेंचनेच आवळावेत. क्रँकचे मिनिटाला 4000 फेरे होत असताना प्रत्येक पिस्टन 8000 वेळा थांबून उलट फिरतो, आणि वरच्या टोकाशी त्याला मागे खेचण्याचा ताण कॅपच्या दोन बोल्टांवर येतो. सैल बोल्ट तो ताण दर फेऱ्याला नव्याने सोसतो आणि अखेर थकून तुटतो.

पिस्टन बसवण्यापूर्वीच्या कामांविषयीही सांगणे भाग आहे. होनिंग, म्हणजे बोअरच्या (सिलिंडरच्या भोकाच्या) भिंतीवर तिरप्या बारीक रेघा पाडण्याचे काम, झाल्यावर ब्लॉक गरम पाण्याने व साबणाने धुवावा. नुसत्या रॉकेलने रेघांत बसलेली घासणीची पूड निघत नाही. पांढरे फडके बोअरमध्ये फिरवून ते पांढरेच बाहेर येईपर्यंत धूत राहावे आणि लगेच तेल लावावे, नाहीतर गंज धरतो. पिस्टनची प्रत्येक रिंग ज्या बोअरमध्ये जायची, त्यातच सरळ बसवून तिच्या तोंडांतील फट फीलर गेजने मोजावी. 68 मिलिमीटरच्या या बोअरला ती साधारण 0.3 मिलिमीटरच्या आसपास असते, तरी पुस्तकातील आकडाच प्रमाण मानावा. फट कमी पडली तर तापल्यावर रिंगची तोंडे एकमेकांना भिडतात व बोअर ओरबाडला जातो. पिस्टनवर रिंगांच्या फटी एका रेषेत येऊ देऊ नयेत.

पिस्टन आत सोडण्यापूर्वी रॉडच्या बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे चढवावेत, म्हणजे क्रँकच्या गुळगुळीत पिनवर ओरखडा येत नाही. रिंगा दाबून धरणारा रिंग कॉम्प्रेसर ब्लॉकला नीट टेकवून पिस्टन हातोडीच्या लाकडी दांड्याने हलकेच ठोकत न्यावा, आणि तो अडला तर तेथेच थांबावे: बहुधा एखादी रिंग बाहेर निसटून काठावर अडलेली असते, आणि पुढचा एक ठोका तिला तोडतो. एक रॉड आवळून झाला, की क्रँक हाताने फिरवून पाहावा आणि मगच दुसरा पिस्टन घ्यावा. चिरंजीवाचा उतावळा हात ठाऊक असल्यानेच हे इतके लांबवले आहे.

रॉड तुटला तर तो ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो, आणि तो प्रसंग घाटाच्या उतारावर, मागे मुले बसलेली असताना यावा, हा विचार या घरात कोणालाही झोपू देणार नाही. तेव्हा आज सर्व काम थांबवावे, कॅप पुसून भिंगाखाली त्यांचे आकडे वाचावेत आणि जोड्या लावाव्यात. एका जरी कॅपचा आकडा वाचता आला नाही, तर चारही रॉड मशीन शॉपमध्ये नेऊन, कॅप आवळून, भोकांची गोलाई मोजून घ्यावी. गणपतीला एस.टी.नेही जाता येते. जोड्या जुळल्याचे पत्र येईपर्यंत एकही पिस्टन बोअरमध्ये उतरवू नये.

कळावे,
काकाचे आशीर्वाद.