मेथी कोण निवडणार?

वृद्धाश्रमाचं कॅलेंडर कधी नीट पाहिलंत तर लक्षात येईल, की ते तिथं राहणाऱ्यांच्या नव्हे, येणाऱ्यांच्या सोयीनं भरलेलं असतं. पंधरा ऑगस्टला शाळेची मुलं नाच बसवून आणतात. 1 ऑक्टोबरला, म्हणजे जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनी, कुठल्या तरी क्लबचे लोक शाल-श्रीफळ देऊन फोटो काढतात. दिवाळीत फराळाची इतकी पाकिटं येतात की चकल्या मऊ पडून जातात. तशाही कडक चकल्या चावणारे दात तिथं किती जणांकडे असणार! मधल्या काळात कुणाच्या नातवाचा पहिला वाढदिवस, कुणाच्या लग्नाची पंचविशी. जुलैतला एखादा पावसाळी मंगळवार मात्र कुणालाच नको असतो.

माझी आत्या अशाच एका आश्रमात राहते. कुणी तिला तिथं ‘टाकलेलं’ नाही. लग्न केलं नाही, नोकरी केली, पेन्शन आहे. गुडघ्यांनी दगा दिल्यावर स्वतः चार ठिकाणं बघून, पलंग खिडकीशी मिळतो का विचारून गेली. जागा स्वच्छ आहे, जेवण बरं आहे, माणसं मायेची आहेत. तिची तक्रार वेगळीच. पितृपंधरवड्यात एकदा भेटायला गेले, तर म्हणाली, “जेवून जा गं, खीर-वडे आहेत. आज कोणाचे पितर आहेत कुणास ठाऊक. पंधरा दिवस आम्ही कावळे.”

त्या पंधरवड्यातल्या तिथ्या आधीच आरक्षित झालेल्या असतात. वडील किंवा आई गेलेल्या माणसाला दहा म्हाताऱ्या तोंडांत घास पडावा असं वाटतं. ती भावना खोटी नाही, आणि आश्रमाचं किराणाबिल त्यावरच बऱ्यापैकी भागतं. त्याची चेष्टा करायचा अधिकार मला तरी नाही. पण व्यवस्थापकबाई मधुमेहवाल्यांच्या वाट्यांवर डोळा ठेवून फिरत असतात आणि पाहुणे निघाले की सगळ्यांना आशीर्वादाला हात वर करावे लागतात. घ्यायचं, जेवायचं, टाळ्या वाजवायच्या, आशीर्वाद द्यायचा. दिवसभरात दुसरं काही करायचंच नाही.

कायद्यातही साधारण हाच विचार दिसतो. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी 2007 साली झालेल्या केंद्रीय कायद्यात जिल्ह्यात निदान एक, किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम असावा, अशी तरतूद आहे. तिथल्या सेवांमध्ये औषधोपचारांबरोबर मनोरंजनाच्या साधनांचाही उल्लेख आहे. साधन म्हटलं की टीव्ही आला. तो भिंतीवर उंच लागतो, मान वर करून बघावा लागतो, आणि रिमोट ऑफिसात असतो. रिमोटवरून भांडणं होतात म्हणून. मला विचाराल तर, भांडणं होऊ द्यावीत.

अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधल्या एका नर्सिंग होममध्ये एलन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन यांनी केलेला, 1976 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मला इथं आठवतो. दोन मजल्यांवरच्या म्हाताऱ्यांना कुंडीतली झाडं दिली. एका मजल्यावर सांगितलं, झाड हवं का, कुठलं हवं ते तुम्ही ठरवा, पाणी तुम्हीच घाला. सिनेमा गुरुवारी बघायचा की शुक्रवारी, तेही तुम्हीच सांगा. दुसऱ्या मजल्यावर झाड हातात ठेवलं आणि पाणी परिचारिका घालतील म्हणून सांगितलं. सिनेमाचा दिवसही ठरवून दिला. झाडं तशीच, सिनेमाही तोच. पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत आणि हिंडती-फिरती झाली. दीड वर्षानं पाहिलं तर त्या मजल्यावर मृत्यूही कमी झाले होते. माणसं शंभराच्या आतच होती, तेव्हा कुंडीत पाणी घातल्यानं आयुष्य वाढतं असं कुणी ठासून सांगू नये. पण माणूस तरतरीत झाला एवढंही मला पुरे आहे.

पुढं 1991 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू बर्लिन नावाच्या गावी बिल थॉमस हा तरुण डॉक्टर एका नर्सिंग होमवर नेमला गेला. कंटाळा, एकटेपणा आणि असहायता हे तिथले खरे रोग आहेत असं त्याचं निदान. त्यावर त्यानं दोन कुत्रे, चार मांजरं आणि शंभर पक्षी आणायची परवानगी काढली. पक्षी आले, पिंजरे आलेच नव्हते! तेव्हा सगळे पक्षी तिथल्या केशकर्तनाच्या खोलीत सोडून दार लावून घेतलं. मग पिंजरे आले तेही सुटे. कर्मचारी पक्ष्यांमागे धावताहेत, पिसं उडताहेत, आणि काचेबाहेर म्हातारी मंडळी पोट धरून हसताहेत. कुठल्याही ‘हास्ययोगा’ला जमणार नाही ते त्या फजितीनं साधलं. पुढं तिथली औषधं शेजारच्या तशाच संस्थेच्या मानानं निम्म्यावर आली.

ही हकीकत अतुल गावंडे यांनी 2014 च्या ‘बीइंग मॉर्टल’मध्ये सांगितली आहे. गावंडे अमेरिकेतले शल्यविशारद, पण त्यांचे वडील उमरखेडजवळच्या उटीचे. आजोबा सीताराम गावंडे शंभरी ओलांडून एकशेदहाच्या घरात पोचले. रोज रात्री झोपण्यापूर्वी घोड्यावरून शेताला चक्कर मारल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. घरच्यांनी काय केलं? घोडा बंद केला नाही. लहान चणीचा घोडा आणला आणि सोबत माणूस दिला. गावंडे स्वतः एकत्र कुटुंबाचे गोडवे गात बसत नाहीत, त्याची किंमत तरुणांनी मोजलेली असते हेही ते जाणतात. पण लहान घोडा आणण्याची ती अक्कल आपल्या आश्रमांना का सुचू नये?

आत्याच्या आश्रमात ती अपघातानं सुचली. स्वयंपाकघरात राहणाऱ्यांनी जायचं नाही, असा नियम होता. पाय घसरला तर जबाबदार कोण? एकदा मदतीची बाई आली नाही म्हणून स्वयंपाकाच्या मावशींनी वैतागून मेथीच्या जुड्या हॉलमध्ये वर्तमानपत्रावर ओतल्या आणि म्हणाल्या, “निवडा बघू जरा.” मी तिथंच होते. पहिली पाच मिनिटं कुणी हललं नाही. मग एकीनं जुडी सोडली. दुसरी म्हणाली, “अहो, पानंच काय खुडताय, कोवळी देठं घ्यायची असतात.” पहिली म्हणाली, “आमच्याकडे नाही घेत.” झालं! सोलापूरच्या बाई, कोकणातल्या बाई, नागपूरच्या बाई, प्रत्येकीच्या सासूनं मेथी वेगळी निवडलेली. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर निवडलेल्या जुड्या मोजत बसले आणि मोजणी चुकली म्हणून पुन्हा मोजू लागले. पक्षाघातानं एक हात गेलेल्या आजी वाटेल त्याला देठं टाकायला टोपली सरकवत होत्या. रात्री जेवताना भाजीत माती लागते अशी तक्रार झाली, आणि ती ज्यांनी निवडली त्यांच्याविरुद्धच झाली. आत्या हे सांगताना खूश होती. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा भाजी हॉलमध्ये येते.

कार्यक्रम नकोत असं नाही. हरिपाठ असतो, त्यात कानानं अधू माणूसही सामील होतं, कारण शब्द आधीच पाठ असतात. तेच माणूस गप्पांत मात्र गप्प बसतं. श्रवणयंत्राचा सेल संपला, तरी चारचौघांतून उठलंच म्हणायचं. तेव्हा सेल वेळेवर बदलणं हेही आश्रमाच्या ‘उपक्रमां’त धरावं. खुर्च्यांचंही तसंच. रॉबर्ट सॉमर या मानसशास्त्रज्ञानं 1950च्या दशकात कॅनडातल्या एका रुग्णालयाच्या वृद्धांच्या विभागात भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या लहान टेबलांभोवती मांडल्या. सुरुवातीला मंडळी कुरकुरली, पुढं त्यांचं आपसातलं बोलणं जवळपास दुप्पट झालं. टेबल आलं की मेंढीकोटचा डाव पडतो, डाव पडला की चिडाचिडी होते.

आणि ज्यांना यातलं काहीच नको, त्यांना खोलीचं दार लावून बसू द्यावं. अंताक्षरीला ओढून नेलेल्या निवृत्त गणितमास्तरांचा चेहरा मी पाहिला आहे. ते शब्दकोडं सोडवत होते, दोनच शब्द राहिले होते.

तुम्ही कधी अशा ठिकाणी जाणार असाल तर फळं न्या, पण आधी फोन करून काय लागतं ते विचारा. बहुतेक वेळा कवळीचा डबा, चष्म्याची काडी, मोबाइलचं रिचार्ज असलं काही तरी निघेल. जाताना स्वतःचं एखादं अडलेलं काम घेऊन जा: उसवलेला फॉल, न जमलेलं लोणचं, घरचं मोडीतलं एखादं जुनं कागदपत्र. आणि शक्यतो जुलैत जा, मंगळवारी.