गायरान

गावाच्या शिवेवर जो मोकळा माळ गुरांच्या चरण्यासाठी राखलेला असतो, त्याला गायरान म्हणतात. तेथे नांगर फिरत नाही, पेरणी होत नाही. आणि म्हणूनच की काय, तेथे काय उगवते आहे याची विचारपूसही सहसा कोणी करीत नाही. शेतातल्या तणामागे धनी खुरपे घेऊन लागतो. गायरानातल्या तणाला सारे गाव धनी, आणि साऱ्या गावाचे काम ते बहुधा कोणाचेच नव्हे.

आमचे गाव पुणे जिल्ह्याच्या अवर्षणी भागातले. माझ्या बालपणी आमच्या गायरानात पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवते वाढत, आणि त्यांच्या मधूनमधून घाणेरीची जाळी असत. कोणी तिला टणटणी म्हणतात. तिचे शेंदरी-पिवळे गुच्छ आम्हां मुलांना आवडत, आणि पिकलेली काळी फळे बुलबुलांना. हे झुडूप मूळचे अमेरिका खंडातले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते शोभेसाठी कलकत्त्याच्या बागेत आणले गेले. पुढे कुंपणांच्या आश्रयाने आणि पाखरांच्या पोटांतून ते देशभर पसरले. त्याच्या पानांत विष आहे हे आमच्या गुराख्यांना ठाऊक होते. परंतु त्या उग्र वासाच्या पानांना गुरे तोंडच लावीत नसत. तेव्हा काळजी कसली करावयाची?

१९७२ साली पावसाने पाठ फिरवली. श्रावणातही माळ राखाडी दिसत होता. गवताची मुळेसुद्धा गुरांनी कुरतडून काढली होती. साऱ्या गायरानात हिरवी होती ती एकटी घाणेरी.

एके सायंकाळी आमची कपिला गाय गोठ्यात आली ती मान खाली घालूनच. दुसऱ्या दिवशी तिने रवंथ करणे सोडले. तिचे डोळे पिवळे झाले, नाकपुड्यांवरची कातडी लाल होऊन सोलू लागली, आणि ऊन अंगावर येताच ती धडपडत सावलीकडे जाऊ लागली. गावचे वृद्ध गुराखी, ज्यांना आम्ही सारे आबा म्हणत असू, तिला पाहून म्हणाले, "हिनं घानेरी खाल्ली. अंधारात बांधा. ऊन लागू देऊ नका."

मी विचारले, "आबा, इतकी वर्षे हिने त्या पाल्याकडे ढुंकून पाहिले नाही. मग आताच कसा खाल्ला?"

"पोरा, भरल्या पोटी ढोर इख वळखतं. रित्या पोटी इख बी चाराच वाटतं."

ऊन टाळावयास आबांनी का सांगितले, ते मला पुढे पुस्तकांतून उमगले. हिरव्या चाऱ्याच्या पचनातून एक द्रव्य निर्माण होते. निरोगी यकृत ते शरीराबाहेर टाकते. घाणेरीच्या विषाने यकृत बिघडले, की ते रक्तात साचते, आणि ऊन लागताच जनावराची कातडी आतून भाजू लागते. आबांना यकृताचे नावही ठाऊक नव्हते. उपाय मात्र त्यांनी अचूक सांगितला होता. तरीही आठव्या दिवशी कपिला गेली. तिचे वासरू त्या वेळी तीन महिन्यांचे होते.

दुष्काळ सरला, पण गायरान पूर्वीसारखे झाले नाही. उघड्या पडलेल्या जमिनीवर घाणेरी पसरली, आणि काही वर्षांनी तिच्या सोबतीला गाजरगवत आले. हे तण पुण्यात १९५५ च्या सुमारास लोकांच्या नजरेत भरले होते. ते उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलते, आणि एकेका रोपाला हजारो बिया येतात. गुरांच्या पोटात गेले तर दुधाला कडवटपणा येतो. माणसाच्या अंगाला खाज सुटते, कित्येकांना दमा जडतो.

या दोन शत्रूंशी लढण्याच्या रीती निराळ्या. घाणेरी कोयत्याने तोडली तर बुंध्यातून चौपट फुटवे येतात. म्हणून माती उकरून, खोड आणि मूळ यांच्या सांध्याखाली घाव घालून झुडूप काढावे लागते व मुळे वर करून वाळू द्यावे लागते. गाजरगवत ओल्या जमिनीतून हाताला फडके गुंडाळून उपटावे, तेही फुलण्यापूर्वी. फुललेले रोप हलवले तर आपणच बी पेरीत जातो. त्याची पाने खाणारा, तपकिरी रेघांचा एक भुंगेरा मेक्सिकोतून आणून १९८४ साली बंगळूर परिसरात सोडण्यात आला. तो पावसाळ्यात मोठे काम करतो. पण कोरड्या दिवसांत जमिनीत दडून बसतो. टाकळा दाट वाढवला तर गाजरगवत मागे हटते हेही खरे. रस्त्याच्या कडेला हा उपाय मला पटतो; गायरानात पटत नाही, कारण गुरे टाकळाही खात नाहीत.

गायरानात विषारी झुडपाच्या जागी गवतच यावयास हवे. ते येण्यासाठी गुरांचे तोंड काही काळ तरी तेथून दूर ठेवावे लागते. ग्रामसभेत हा विषय निघाला तेव्हा मोठ्या शेतकऱ्यांनी लगेच माना डोलावल्या. त्यांच्या बांधावर चारा होता. मागे बसलेली एक भूमिहीन वृद्धा मात्र उठून उभी राहिली. "गायरान बंद केल्यावर माझ्या चार शेळ्या तुमच्या वाड्यात बांधू का?" तिने विचारले. सभेत कोणीच बोलेना. तिचा प्रश्न अडवणुकीचा नव्हता. भुकेल्या शेळीला घाणेरीपाशी कोण ढकलते, हेच ती विचारीत होती.

अखेर गायरानाचे दोन भाग पाडले. एका पावसाळ्यात एकच भाग बंद ठेवावयाचा, गवताचे बी झडेपर्यंत तेथे गुरे सोडावयाची नाहीत. आणि त्यानंतर विळ्याने गवत कापून नेण्याचा पहिला मान ज्यांना जमीन नाही त्यांचा. प्रत्येक घरातून एका माणसाने आषाढात चार दिवस खोदाईला यावयाचे असेही ठरले. ही पाळी कोणी चुकवली नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. परंतु ती वृद्धा मात्र चारही दिवस कुदळ घेऊन येत असे.

चौथ्या पावसाळ्यात ओढ्याकाठी गुडघाभर मारवेल उभी राहिली. दाट गवतात गाजरगवताची रोपे कोठे कोठे दिसत, पण ती खुरटी असत. घाणेरी मात्र अजून पुरती गेलेली नाही. बुलबुल दूरवरून फळे खाऊन येतात आणि जुन्या लिंबावर बसून बिया टाकतात. म्हणून दर आषाढात आम्ही खोदाईला आरंभ करतो तो त्या लिंबाखालून.