सात छोटे, एक मोठा

क्रूझला जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे तीन प्रश्न विचारले जातात. जेवण कसं होतं, बोट लागली का, आणि एकूण किती पडले. (तिसरा प्रश्न थेट विचारत नाहीत, आडून आडून येतो.) बोटीवर चढल्यावर सगळ्यात आधी जे करायला लावतात, त्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही. म्हणजे ते सेफ्टी ड्रिल. जहाजाला काही झालं तर कुठे जमायचं, जॅकेट कसं घालायचं, भोंगा कसा वाजतो वगैरे. मला आज त्याबद्दलच लिहायचंय, कारण पंधरा वर्षांच्या अंतराने मी ते दोनदा केलं, आणि दोन्ही वेळा इतकं वेगळं होतं की दोघांना एकच नाव कसं, असा प्रश्न पडला.

पहिलं २००८ साली. सिंगापूरहून निघालेली बोट, आई, बाबा, ताई आणि मी. सामान केबिनमध्ये टाकून जेवणाचा हॉल शोधायला निघालो, तोच भोंगा सुरू झाला. सात छोटे, एक मोठा. पुन्हा सात छोटे, एक मोठा. जगभरच्या प्रवासी जहाजांवर धोक्याचा इशारा हाच असतो. मग सगळ्यांनी परत केबिनमध्ये जायचं, कपाटातून नारिंगी जॅकेट काढायचं, अंगात चढवायचं आणि जिन्याने खाली आपापल्या जागी जमायचं. लिफ्ट बंद. दोन-अडीच हजार माणसं गळ्यात नारिंगी उशा बांधल्यासारखी जिन्यावरून उतरतायत, कोणाचा पट्टा मागच्याच्या पायाखाली, कोणाचं पोर शिट्टी फुंकतंय (प्रत्येक जॅकेटला एक शिट्टी असते, आणि प्रत्येक पोराला ती सापडते), एक काकू ठेपल्याचा डबा घेऊनच आलेल्या. खाली रांगा. एक खलाशी केबिन नंबर पुकारतोय आणि लोक शाळेसारखं "येस" म्हणतायत. पाऊण तास उकाड्यात उभं राहून सगळे वैतागले होते. फोटो मात्र सगळ्यांनी काढले.

वैतागले नव्हते ते एकटे बाबा. त्यांनी पट्टा नीट आवळला, गाठ दोनदा तपासली, आणि त्या खलाशाला विचारलं की जॅकेट घालून उडी मारायची वेळ आली तर हात कुठे धरायचे. तो मुलगा वसईचा निघाला. त्याने मराठीत सांगितलं, "काका, एका हाताने नाक दाबायचं, दुसऱ्या हाताने जॅकेट खाली दाबून धरायचं. नाहीतर पाण्यात पडल्यावर तेच वर येऊन हनुवटीला लागतं." बाबांनी तिथल्या तिथे करून बघितलं. ताई आणि मी लाजून दुसरीकडे बघत होतो.

घरच्यांना कारण माहीतच आहे, पण इतरांसाठी सांगते. बाबांचं गाव अलिबागजवळ. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट भर पावसाळ्यात उलटली, तेव्हा ते सात वर्षांचे होते. सहाशेहून जास्त माणसं गेली. दुसऱ्या दिवशीच्या अमावास्येला घरी पोचायचं म्हणून मुंबईतले कितीतरी चाकरमानी त्या बोटीत होते. मोठी लाट आल्यावर घाबरलेली माणसं एका बाजूला धावली, आणि बोट त्याच बाजूला कलंडली. वायरलेस नव्हता. पोहत किनाऱ्याला लागलेल्यांनी सांगितलं तेव्हा मुंबईला कळलं. बाबांच्या गल्लीतली दोन घरं त्या दिवशी बंद झाली ती पुढे कधी उघडली नाहीत. ते ही गोष्ट फार सांगत नसत. पण रेवसच्या लाँचमध्ये बसलं की त्यांची नजर आधी छताकडे जायची, जॅकेटं कुठे टांगलीत ते बघायला.

असो. तर ही ड्रिलची पद्धत आली कुठून? बहुतेक गोष्टींसारखी तीही 'टायटॅनिक'पासून. बोटी कमी होत्या हे सगळ्यांना पाठ आहे. जहाजावर साधारण बावीसशे माणसं आणि वीस लाइफबोटींत मिळून ११७८ जागा. पण मला त्याहून जास्त टोचते ती दुसरी गोष्ट. पहिली बोट पाण्यात सोडली तेव्हा तिच्यात ६५ जणांची जागा होती आणि माणसं बसली होती २८. जागा होती, वेळ होता, तरी लोक बसले नाहीत. आपण कुठल्या बोटीकडे जायचं हे प्रवाशांना कोणी कधी दाखवलंच नव्हतं, आणि उजेड असलेलं, ऊबदार, भलंमोठं जहाज सोडून काळोखात लोंबणाऱ्या होडीत का बसायचं, हे कोणाला पटत नव्हतं. त्यानंतर १९१४ मध्ये लंडनला देशांनी एकत्र बसून समुद्रावरच्या सुरक्षेचा करार केला, 'सोलास' म्हणतात तो. पुढे त्याच्या नवनव्या आवृत्त्या झाल्या; आज चालते ती १९७४ ची, वेळोवेळी सुधारलेली.

त्या नियमात एक फट बरीच वर्षं तशीच राहिली. प्रवासी चढल्यापासून २४ तासांच्या आत ड्रिल करा, एवढंच म्हटलं होतं. ऐकायला ठीक वाटतं. पण भूमध्य समुद्रातली जहाजं एसटीसारखी असतात, रोज नवं बंदर, रोज काही चढणारे, काही उतरणारे. १३ जानेवारी २०१२ ला 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' रोमजवळच्या चिविताव्हेक्क्या बंदरातून संध्याकाळी निघाली. त्या दिवशी तिथे चढलेल्या सहाशेहून जास्त प्रवाशांचं ड्रिल दुसऱ्या दिवशी ठरलं होतं. कायद्यात चोख बसणारं. जहाज निघून अडीच तास होतायत तोच, लोक रात्रीच्या जेवणाला बसलेले असताना, ते जिल्यो बेटाजवळच्या खडकावर घासलं. कप्तानाने बेटाच्या फार जवळून नेलं म्हणून. ड्रिल दुसऱ्या दिवशी आणि अपघात पहिल्याच रात्री, याला कायद्याकडे उत्तर नव्हतं.

पुढचं अधिक वाईट. प्रवाशांना सांगितलं गेलं की विजेचा काहीतरी बिघाड आहे, काळजीचं कारण नाही. केबिनमध्ये परत जा, असंही काही ठिकाणी सांगितलं. पावणेदहाला धडक, आणि जहाज सोडायचा हुकूम अकराला पाच-सहा मिनिटं असताना. तोवर जहाज इतकं कललं होतं की एका बाजूच्या बोटी खाली सोडणं मुश्किल. ३२ माणसं गेली. सगळ्यात शेवटी, २०१४ च्या नोव्हेंबरात, ज्याचे अवशेष सापडले तो जहाजावर वेटर असलेला आपल्या मुंबईचा मुलगा होता. जवळजवळ तीन वर्षं त्याच्या घरचे वाट बघत होते. ती बातमी मी वाचली तेव्हा मला सिंगापूरच्या बोटीवरचा तो वसईचा मुलगा आठवला. जहाजांवर आपली मुलं किती असतात! गोव्याच्या, वसईच्या, कोकणातल्या कुठल्याही गावात विचारा.

दुर्घटनेनंतर महिन्याभरात क्रूझ कंपन्यांच्या संघटनांनी आपणहून जाहीर केलं की यापुढे जहाज बंदर सोडायच्या आधीच ड्रिल होईल. कायद्याला मात्र वेळ लागला. बदल मंजूर झाला २०१३ मध्ये आणि लागू झाला १ जानेवारी २०१५ ला. '२४ तासांच्या आत' गेलं, 'निघायच्या आधी किंवा निघताक्षणी' आलं. एका ओळीचा फरक, पण तो होण्यापूर्वी ती रात्र यावी लागली.

आणि मग आला करोना. हजारो माणसं एका डेकवर खांद्याला खांदा लावून उभी करणं अशक्य झालं, आणि एका मोठ्या कंपनीने २०२० च्या जुलैमध्ये ड्रिलची नवी पद्धत जाहीर केली. गंमत म्हणजे तिच्यावर काम करोनाच्या आधीच चाललं होतं. आता फोनवर किंवा केबिनच्या टीव्हीवर व्हिडिओ बघायचा, भोंग्याचा आवाज ऐकायचा, आणि जहाज निघायच्या आधी आपल्या सवडीने आपल्या जमायच्या जागी एक चक्कर मारायची. तिथला माणूस कार्ड स्कॅन करतो, चार गोष्टी सांगतो, की सुटलात. करोना गेला तरी पद्धत राहिली, कारण ती प्रवाशांना आवडली. बऱ्याच कंपन्यांनी उचलली.

हे माझं दुसरं ड्रिल, २०२३, फ्लोरिडाहून. बाबा आता नाहीत. आई (वय ७६), ताई, तिचा मुलगा आणि मी. भाच्याने चौघांचे व्हिडिओ एकाच वेळी चार फोनवर लावले आणि कोक प्यायला गेला. मग आम्ही लिफ्टने खाली गेलो, कार्डं दाखवली, आणि चार मिनिटांत बाहेर.

"झालं?" आई म्हणाली. "एवढंच?"

खरं सांगायचं तर तोपर्यंत मी या पद्धतीवर खूश होते. आईला कमी ऐकू येतं. २००८ च्या गोंगाटात तिला एक अक्षर कळलं नसतं (तेव्हा ऐकू येत असूनही कळलं नव्हतं). इथे फिलिपिन्सच्या एका मुलीने तिच्यासमोर बसून, बोटं दाखवून समजावलं, जॅकेट इथेच मिळेल, केबिनमध्ये घ्यायला जायचं नाही. दोन प्रश्न विचारता आले. जुन्या ड्रिलमध्ये कोण कोणाला विचारतंय! तिथे माणसं शरीराने हजर असायची एवढंच.

पण आई जिन्याकडे बघत होती. "खरोखर काही झालं तर लिफ्ट चालेल का गं?"

नाही चालणार. व्हिडिओतही तेच सांगितलं होतं. मग आई म्हणाली, "चल, एकदा जिन्याने करून बघू. तुझ्या बाबांनी केलं असतं." आम्ही लिफ्टने आमच्या मजल्यावर गेलो, केबिनच्या दारापासून सुरुवात केली. मी घड्याळ लावलं. आई कठडा धरून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरली. पाच मजले, ब्याण्णव पायऱ्या, चौदा मिनिटं. दोनदा बसली. जिना रिकामा होता, दिवे चालू होते, जमीन सपाट होती. आणि मागून ढकलणारं कोणी नव्हतं.

खाली पोचल्यावर आई बराच वेळ काही बोलली नाही.

बुकिंगच्या वेळी फॉर्ममध्ये एक रकाना होता, आणीबाणीत मदत लागेल का, असा. ही कंपनीची हौस नाही, आंतरराष्ट्रीय नियम आहे. ज्यांनी मदत लागेल असं सांगितलंय त्यांची नोंद जहाज निघायच्या आधी कप्तानाकडे असावी लागते. ताईने तेव्हा "हो" लिहू का विचारलं होतं, तर आई चिडली होती. "मी काय लुळीपांगळी आहे? रोज देवळात जाते." विषय तिथेच संपला होता. आता तीच म्हणाली, "ते लिहायचं राहिलंय ना, ते लिहून टाका." आम्ही काउंटरवर गेलो, त्यांनी केबिन नंबर घेतला, जिन्यावरून उतरवायची खास खुर्ची असते ती कोण घेऊन येईल तेही सांगितलं. पाच मिनिटांचं काम. पण आईच्या चेहऱ्याकडे मला बघवत नव्हतं. साठीनंतर माणूस एकेक गोष्ट सोडत जातो आणि प्रत्येक गोष्ट सोडताना ती आपण स्वतःच सोडतोय असं दाखवतो. ही तिने आमच्यासमोर सोडली.

नव्या ड्रिलबद्दल माझी तक्रार आहे ती एवढीच. ते ऐकवतं छान, पण चालवत नाही. जुनं ड्रिल बावळट होतं, घामट होतं, पण तुमचे गुडघे किती मजले टिकतात हे त्यात तुम्हालाही कळायचं आणि खलाशांनाही दिसायचं. लिफ्टने येऊन कार्ड स्कॅन करणाऱ्या बाईला बघून कोणाला काय कळणार? खलाशांचा सराव दर आठवड्याला होतो, तो नियमच आहे. पण त्यात आई नसते. खलाशी खलाशांनाच वाचवतात.

ताईचं म्हणणं वेगळं. ती म्हणते, कॉन्कॉर्डियावर ड्रिल केलेले प्रवासीही होतेच, त्यांनाही तासभर कोणी खरं सांगितलं नाही. भोंगाच उशिरा वाजला तर पाठ करून काय उपयोग? मुद्दा बरोबर आहे. १९९१ मध्ये दक्षिण आफ्रिकेजवळ 'ओशियानोस' बुडाली, तेव्हा तर प्रवाशांना सावध करायचं काम जहाजावरच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी केलं. कप्तान हेलिकॉप्टरमधून आधीच निघून गेला होता. सगळेच्या सगळे ५७१ जण वाचले, हे नशीब आणि त्या गिटारवाल्यांची हिंमत. यावर आमचं ताईशी अजून भांडण चालू आहे.

परत आल्यावर वर्षभराने, १८ डिसेंबर २०२४ ला, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'ला नौदलाची स्पीडबोट धडकली. १५ जण गेले. बहुतेकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. त्यानंतर गेटवेच्या बोटींवर जॅकेटची सक्ती झाली. आईने पेपर वाचून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "छतालाच टांगली असतील."

आता पुढच्या महिन्यात काका-काकू क्रूझला निघालेत म्हणून हे सगळं लिहिलं. काकू, तुमच्या कार्डावर एक अक्षर आणि आकडा छापलेला असेल, ती तुमची जमायची जागा. व्हिडिओ बघा, पण केबिनपासून तिथपर्यंत एकदा जिन्याने उतरा, काकांना सोबत घेऊन. वर येताना लिफ्ट घेतलीत तरी चालेल. आणि फॉर्ममधला तो रकाना काकांना विचारून भरू नका. ते "नाही"च म्हणणार.