पुळणीवरचें शर्यतमैदान

घोड्यांची शर्यत म्हटली कीं मुंबईकर वाचकांच्या डोळ्यांपुढें महालक्ष्मीची हिरवळ, तिच्याभोंवतालचे पांढरे कठडे आणि प्रेक्षकांचे सज्जे उभे राहतात. आयर्लंडच्या मीथ परगण्यांतील लेटाउन या खेड्यांत यांपैकीं कांहींच आढळणार नाहीं. तेथील मैदान म्हणजे समुद्राची पुळण. आणि तिच्यावरून दिवसांतून दोनदां समुद्र फिरून जातो.

डब्लिनच्या उत्तरेस सुमारें ३० मैलांवर, नॅनी नांवाची लहानशी नदी समुद्रास मिळते तेथें हें गांव आहे. १८४४ सालीं सुरू झालेली डब्लिन-ड्रॉहेडा आगगाडी त्यावरूनच जाते. पहिल्या शर्यती १८६८ सालीं झाल्या. बॉइन नदीवरील नौकास्पर्धेस जोड म्हणून त्या निघाल्या असें सांगतात. भरतीच्या वेळीं वल्हीं चालावयाचीं आणि ओहोटी लागली कीं घोडे धांवावयाचे! होमरूलच्या चळवळीमुळें ज्याचें नांव आपल्याकडेही परिचित झालें तो चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल आरंभींच्या पंचांपैकीं एक होता. पुढें १९०१ सालीं शर्यतींची घडी बसविण्यांत पुढाकार घेतला तो खुद्द गांवच्या पाद्र्यानें. धर्मोपदेशक आणि पैजा यांची ही सांगड त्याच्या बिशपास मुळींच रुचली नव्हती, यांत नवल नाहीं. परंतु त्या नाराजीनें शर्यती कांहीं थांबल्या नाहींत.

किनाऱ्यालगत सुमारें तीन एकरांचें एक शेत आहे. शर्यतीच्या दिवशीं तेथें तंबू ठोकतात. एकांत स्वारांचें वजन होतें, दुसऱ्यांत खाणेंपिणें चालतें. वाळूच्या टेंकाडांत केलेल्या पायऱ्या हाच प्रेक्षकांचा सज्जा. पाणी मागें सरूं लागलें कीं मार्ग आंखण्याची एकच धांदल उडते. येथें शर्यतीची वेळ, किंबहुना दिवसही, भरती-ओहोटीचें कोष्टक पाहूनच धरावा लागतो.

पूर्वीं घोडे पुळणीवरून दूरवर जाऊन वळसा घेऊन परतत. १९९४ सालीं भयंकर अपघात झाला. घोडे दगावले, स्वारही जखमी झाले. तेव्हांपासून तें वळण कायमचें गेलें. आतां शर्यत सरळ रेषेंत, ६ किंवा ७ फर्लांगांची. एका वेळीं घोडे फार तर दहा, आणि स्वार अनुभवीच हवेत. यामुळें जुनी गंमत गेली, असें कोणी म्हणेल. प्रस्तुत लेखकास तें पटत नाहीं. हिरवळीवर बारा महिने माळ्याची नजर असते. ओली वाळू मात्र प्रत्येक भरतीबरोबर पालटते, आणि तिच्यांतील दगाफटका मुक्या जनावरास कळणार कसा?

अधिकृत नियमांखालीं पुळणीवर होणारी आयर्लंडांतील ही एकच शर्यत. २०१८ सालीं तिला दीडशें वर्षें झालीं.