फांदीच्या बुडाशी

19 मे 2025, सोमवार
मनोरीहून सकाळच्या पहिल्या फेरीबोटीनं मार्व्याला. दोर, कमरपट्टा, करवती एका गोणीत. शेजारी मासळीच्या टोपल्या. टोपलीवाल्या मावशी रोज विचारतात, ‘आज कुठं चढायचं रं?’ आज मालाडला, एका सोसायटीतल्या सोनमोहरावर. परवानगीचा कागद वॉर्ड ऑफिसातून आला होता, त्यावर फांद्या नेमून दिलेल्या. सेक्रेटरी काकांचं म्हणणं वेगळं. ‘वरून सपाट उडवून टाका, तीन वर्षं कटकट नको.’

त्यांना खाली बसवून समजावलं. शेंडा उडवला की झाड घाबरल्यासारखं कापल्या जागेभोवती धुमारे काढतं. ते भराभर वाढतात, पण आतल्या लाकडाशी त्यांची पकड नसते. वरून पाणी मुरून खोड कुजू लागतं. तीन वर्षांनी तेच धुमारे जाड होऊन गाड्यांवर येतात. म्हणजे कटकट वाचत नाही, पुढं ढकलली जाते, आणि वाढलेली येते.

मग वर गेलो. पार्किंगवर झुकलेली मनगटाहून जाड फांदी काढायची होती. आधी बुंध्यापासून हातभर लांब, खालून एक खाच. मग तिच्या जरा पुढं वरून काप. फांदी तुटते, पण साल खाली सोलत जात नाही. उरलेला खुंट शेवटी काढायचा, तो कुठं हे ओळखण्यात सगळं कसब. फांदी जिथं खोडाला मिळते तिथं सालीची फुगीर कड असते. ती शाबूत ठेवून बाहेरून कापायचं. खुंट लांब राहिला तर कुजतो, कडेसकट कापलं तर जखम मिटत नाही. अमेरिकेच्या वनखात्यात अ‍ॅलेक्स शायगो नावाचे संशोधक होते. त्यांनी असंख्य खोडं उभी चिरून दाखवलं की झाड जखम भरून काढत नाही, ती कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. म्हणून जखमेवर डांबर फासायचं कारण नाही. काकांना डांबर हवंच होतं. दिलं नाही.

उतरल्यावर एक आजोबा म्हणाले, ‘काय केलंत? झाड तर तसंच दिसतंय.’ याहून मोठी शाबासकी मला ठाऊक नाही.

23 मे, शुक्रवार
आज मनोरीतच. पावसाच्या सरी दोन-तीन दिवस येऊन जातायत, समुद्र गढूळ. शेजारच्या वाडीतल्या माडाच्या झावळ्या कात्रीनं कातरल्यासारख्या त्रिकोणी कापलेल्या. हा गेंडा भुंगा. शेंड्याच्या कोंबात शिरून मिटलेली पानं खातो. ती उघडली की कातरकाम दिसतं. तारेच्या आकड्यानं बाहेर ओढला. त्याच्या अळ्या शेणखताच्या ढिगात वाढतात, म्हणून ढीग उपसायला सांगितला. सोंड्या भुंगा मात्र खरा वैरी. तो खोडाच्या आतच पिढ्या काढतो, तांबूस चीक बाहेर दिसेपर्यंत आतलं पोकळ झालेलं असतं. बाबा माडाला कान लावून कुरतडणं ऐकायचे. मीही लावतो, उपकरणं आली तरी ती सवय सुटलेली नाही.

26 मे, सोमवार
मान्सून मुंबईत. एरवी 11 जूनची तारीख; गेल्या 75 वर्षांत इतक्या लवकर आला नव्हता. छाटण्या अर्ध्या राहिलेल्या, फोन सकाळपासून थांबलेला नाही. बोरिवलीत एक गुलमोहर आडवा झाला. वारा फार नव्हता. मुळं बघितली तर एका बाजूची सगळी सरळ रेषेत कापलेली. कधीतरी कुणीतरी चर खणला असेल. दुसऱ्या बाजूला बुंध्याला भिडवून काँक्रीट. बुंध्याभोवती मीटरभर जागा मोकळी ठेवा, असा राष्ट्रीय हरित लवादाचा दिल्लीच्या प्रकरणातला आदेश 2013 चा आहे. लोक म्हणतात वाऱ्यानं पडलं. वारा फक्त शेवटी आला.

17 मे 2021 ला तौक्ते वादळ गेलं, त्यानंतर कित्येक दिवस आम्ही फक्त पडलेली झाडं तुकडे करून उचलत होतो. त्या कामाला पैसा बरा मिळतो, पण त्यात झाडाचं काही नसतं.

रात्री आठवलं, सोनमोहराच्या सोसायटीतून फोन आला नाही.

31 मे, शनिवार
गावातला एक मुलगा शिकायला येतोय. चढायला भीत नाही, हीच त्याची अडचण. आठवडाभर जमिनीवरच गाठी मारायला लावल्या. त्याची आई विचारत होती, यात पोट भरेल का. भरतं, पण एप्रिल-मेमध्ये हात पुरत नाहीत आणि श्रावणात काम शोधावं लागतं. विमा स्वतःचा स्वतः काढायचा. हे सगळं तिला सांगितलं, उगाच गोड करून काय उपयोग? 2018 च्या वृक्षगणनेत मुंबईत 29,75,283 झाडं मोजली गेली. ती मोजायला माणसं मिळाली. दोरावर चढून ढोली तपासणारी मात्र शोधावी लागतात. त्या मुलाला काम कमी पडणार नाही.

10 जून, मंगळवार
वटपौर्णिमा. मालाड स्टेशनबाहेर वडाच्या डहाळ्या विकायला. कुणाच्या झाडाच्या आणि कुणी कापल्या, कोण विचारतं! कापल्या जागा मात्र ओरबाडलेल्या असणार.

दुपारी मुद्दाम एका जुन्या वडाकडे वाट वाकडी केली. त्याची एक आडवी फांदी रस्त्यावर गेलेली, ती तोडायचीच असं बऱ्याच वर्षांपूर्वी ठरत होतं. आम्ही तिच्या कोवळ्या पारंब्यांना मातीनं भरलेल्या पोकळ बांबूतून खाली वाट करून दिली होती. त्यातली एक जमिनीत रुजली, बांबू कुजून गेला, आणि आज ती मांडीएवढी जाड होऊन फांदीला टेकू देतेय. तिच्याभोवती बायका दोरा गुंडाळत होत्या. त्यातल्या एकीनं मला ‘सरका जरा’ म्हणून बाजूला केलं. सरकलो. या धंद्यात पगारवाढ अशी मिळते.

परतीच्या फेरीत सोसायट्यांना पाठवायची चिठ्ठी लिहून काढली: झाडाची तपासणी मेमध्ये नको, दिवाळीनंतर करा. परवानगीचा अर्ज तेव्हाच टाका. बुंध्याभोवतीचं काँक्रीट मीटरभर फोडा आणि माती उघडी ठेवा. खिळे, तारा, दिव्यांच्या माळा काढा. छाटायला येणाऱ्याला किती टेम्पो फांद्या निघतील हे विचारू नका. कोणती फांदी, कुठून आणि का कापणार हे विचारा. सांगता आलं नाही, तर त्याला वर चढू देऊ नका.