आधी खुंट, मग डोळा

संत्र्याच्या मुलखात क्रमाचे शिक्षण कलमापासून सुरू होते. पांढुर्णा आणि सौंसर या भागात आधी जंबेरीचे रोप वाढवतात, मग त्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. मुळे जंबेरीची, फळ संत्र्याचे. संगणकावरील खेळाविषयी लिहिताना कलमापासून आरंभ का, असे वाचकांस वाटेल. पण आमच्या भाच्याला खेळातील क्रम उमगला तो याच वाटेने.

भाचा सौंसरजवळच्या खेड्यात राहतो. २०११ साली निघालेल्या 'स्कायरिम' या खेळाचे त्यास वेड. या खेळात हौशी मंडळींनी घातलेली भर म्हणजे मॉड : कोणी नवे गाव वसवतो, कोणी आभाळ रंगवतो, कोणी दुकानातले भाव बदलतो. भाच्याने अशी साठेक मॉड मिळतील तशी चढवली होती. एके दिवशी खेळ उघडताच बंद पडू लागला. दीड वर्षाच्या खेळाचा सेव्ह त्यात अडकलेला, आणि महिन्याभरात शिक्षणासाठी पुण्यास जावयाचे. पोरगा जेवेना, तेव्हा बहिणीने आम्हांस बोलावून घेतले.

दोन रात्री यादी लावण्यात गेल्या. पहिला नियम सोपा : जी फाइल दुसरीच्या आधारावर उभी आहे ती तिच्यानंतर यावी, आधारच नसेल तर खेळ पहिल्या पडद्यापर्यंतही पोहोचत नाही. दुसरा नियम मात्र मनुष्यस्वभावाची परीक्षा पाहतो. दोन मॉडनी एकाच नोंदीला हात लावला, तर शेवटी येणाऱ्याचे संपूर्ण लेखन टिकते. एकाने लोहाराचा चेहरा बदलला, दुसऱ्याने त्याचा पोशाख. दोन्ही गोष्टी त्या लोहाराच्या एकाच नोंदीत असल्याने मागून आलेला पोशाख राहतो आणि चेहरा जुनाच होतो. दोन्ही हवे असतील तर दोहोंचे सार घेतलेली तिसरी फाइल, पॅच, करून सर्वांत शेवटी ठेवावी लागते. क्रम लावून देणारे 'लूट' नावाचे एक साधनही आहे. नाव अशुभ, काम नेकीचे. परंतु कोणाला कोणाचा आधार लागतो हे त्यास कळते; आपल्याला कोणता लोहार आवडतो, हे ते कसे सांगणार?

खरे दुखणे निराळेच निघाले. ज्या मॉडमधल्या गावात भाच्याच्या नायकाचे घर होते, तेच त्याने मध्येच काढून टाकले होते. मॉड गेले तरी त्याच्या आज्ञावलीचे अवशेष सेव्हमध्ये राहतात. भाच्याचे वडील पलीकडे पानाला चुना लावत ऐकत होते. ते म्हणाले, "फळावर आलेल्या झाडाखालची जंबेरी कोणी उपटते काय?" भाचा बराच वेळ गप्प बसला.

मग आईला समजावताना तो म्हणाला, "आई, बाद में जो आएगा, वही चलेगा." घरी मराठी, शाळेत हिंदी, संगणकावर इंग्रजी असे त्याचे आयुष्य. बहिणीने विचारले, "मग आपली मराठी कोठे गेली?" प्रश्न खेळाविषयी नव्हता. १९५६ साली नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा सौंसर छिंदवाड्यातून त्यात आले. कागदावरची नोंद बदलत गेली, घरातली बोली मात्र तीच राहिली. पण आता मुलगा शेजारच्या खोलीतून पुण्यास निघाला होता, आणि तिला पुसायचे होते ते हेच.

भाच्याने उत्तर दिले नाही. वहीच्या कोऱ्या पानावर त्याने नव्याने यादी लिहायला घेतली. आधाराच्या फाइली वर, आवडीच्या खाली, पॅच तळाशी. नावे इंग्रजी, पण प्रत्येकापुढे "हे कशावर उभे आहे" हा रकाना त्याने मराठीत भरला. या यादीवर त्याने नवा खेळ सुरू केला. जुना सेव्ह उघडत नाही. तो पुसू का, असे त्याने निघताना आम्हांस विचारले. राहू दे, म्हणालो.