पोराला काय विचारायचं

20 ऑगस्ट 2024, हिंगणघाट
कोर्टाकडून मध्यस्थीला ताब्याचं प्रकरण आलं. नवरा इथे जिनिंगमध्ये, बायको समुद्रपूरला भावाकडे. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत, आईजवळ. दोन्ही वकिलांचं पहिलं वाक्य एकच: "पोरालाच बोलवा मॅडम, तोच सांगेल." पोर आपल्याच बाजूनं बोलणार, अशी दोघांनाही खात्री. खात्री दोन्हीकडून असली की मला पोराला बोलवायची घाई नसते.

1890 च्या पालक व पाल्य कायद्यात कलम 17 आहे. मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर कोर्ट ती विचारात घेऊ शकतं. किती मोठं, ते लिहिलेलं नाही. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे, एवढाच काय तो आकडा. आणि 'घेऊ शकतं' म्हणजे मूल म्हणेल तसाच निकाल नव्हे, हे पक्षकारांना सांगून तोंड दुखतं.

22 ऑगस्ट
आई-बापांशी वेगवेगळं बोलले. मारहाणीची तक्रार कुणाचीच नाही. असती तर मुलाला आणायचा विषय मी तिथेच थांबवला असता. मग दोघांना एकच प्रश्न: तो तुमच्या मनाविरुद्ध बोलला तर घरी काय कराल?
वडील म्हणाले, "तो कायले बोलन तसं? बोललाच तर मामानं शिकवलं असन."
आई बराच वेळ गप्प. मग, "मले वाईट वाटन. पण त्याले काही म्हणणार नाही."
ऑस्ट्रेलियात अशा मध्यस्थीत मुलाशी बोलायला बहुधा वेगळा जाणकार असतो आणि त्याआधी आई-बाप ऐकायच्या तयारीत आहेत का, हे पाहतात. जाणकार आपल्या तालुक्याला कुठून आणायचा? पण दुसरी गोष्ट फुकट आहे, ती तरी करावी. वडिलांना म्हटलं, तुमचं उत्तर बदललं की या.

27 ऑगस्ट
वडील आले. "ऐकून घेईन मॅडम, काई म्हणणार नाही." पटलं असं नाही, पण डोळे खाली होते. चालेल.

29 ऑगस्ट
शाळा सुटल्यावर मुलगा आला. मामा दाराशीच खुर्ची टाकून बसत होता; त्याला चहाला पिटाळलं.
"कशासाठी आलास, माहीत आहे?"
"कोणाजवळ रायतं, हे विचारणार हा ना तुमी."
"नाही विचारणार."
तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. "अन् मी काईच नाई सांगितलं त?"
"तरी चालते."
मग एका दमात म्हणाला, "मला त्या घरी मानसिक त्रास होतो." बोली सोडून पोर पुस्तकी मराठीत शिरलं की वाक्य घरून बांधून दिलेलं आहे असं मी धरते. कोणत्या घरून, ते शोधत बसले नाही. त्रास म्हणजे काय होते, विचारलं. "थे नाई माहीत." थोड्या वेळानं आपणहून: "शुक्रवारी पोट दुखते."
शनिवारी बसस्टँडवर त्याची अदलाबदल होते. "थे दोघं भांडतात. सगळे पायतात."
जे घडतं ते तो नीट सांगतो, दिवस-वारासकट. निवड मात्र त्याच्यावर टाकायची नाही, आणि दोघांच्या मध्ये खुर्चीवर तर बसवायचाच नाही. यातलं काय सांगू, विचारलं. बसस्टँडचं सांगा. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन वडिलांच्या गल्लीत जायचं आहे, दोस्त तिथे आहेत, तेही सांगा. तिसरी गोष्ट सांगू नका म्हणाला. ती इथेही लिहीत नाही.

31 ऑगस्ट
संयुक्त बैठक, मुलाशिवाय. बसस्टँडचं ऐकून वडील भिंतीकडे पाहत राहिले. आई म्हणाली, "मले वाटलं शाळेच्या धाकानं दुखते." ठरलं ते एवढंच: शनिवारी वडील शाळेतून नेतील, रविवारी आजी पोचवेल. दोघांची गाठच नको. पोळ्याचं कुणी ताणलं नाही. ताब्याचं मात्र दोघंही जागचे हलले नाहीत. कोर्टाला कळवायचं ते जमलं की नाही, इतकंच. पोराचं बोलणं त्यात जाणार नाही.

4 सप्टेंबर
काल तान्हा पोळा झाला. सकाळीच वडिलांचा फोन. "मॅडम, पोरगा लय खुश हाय. आताच विचारून घ्या ना त्याले."
म्हटलं, भाऊ, त्याला राहू द्या. 19 तारखेला तुम्ही दोघंच या. शाळेची फी, दिवाळीची सुट्टी, आजारपणात कुणी न्यायचं, सगळं बाकी आहे.